अबॅकस, तोंडी हिशोब आणि मुलांचा मेंदू: नेमकं काय वाढतं?

कृष्णाकाठ

जूनमध्ये शाळा उघडल्या की अबॅकसच्या क्लासची पत्रकं घरोघर यायला लागतात. आकडेमोडीचा वेग हा त्यातला एक मुद्दा. बाकी सगळा भर एकाग्रता, स्मरणशक्ती, 'उजव्या मेंदूचा विकास' आणि आयक्यू यांवर. मी बालविकास हा विषय शिकवते, त्यामुळे ओळखीचे पालक हमखास विचारतात, घालावं का मुलाला? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा या विषयावर जे संशोधन झालं आहे ते एकदा सलग लिहून काढावं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगते. अबॅकसचा चांगला सराव झालेलं मूल आकडेमोडीत खरोखर तरबेज होतं, आणि ते ज्या रीतीने होतं ती रीत फार सुंदर आहे. पण त्यामुळे त्याची एकूण बुद्धी वाढते, सगळ्याच विषयांतली स्मरणशक्ती वाढते, असं काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत दिसलेलं नाही. क्लास लावायचा तर पहिल्या गोष्टीसाठी लावावा.

आता ती रीत. आपल्याकडच्या क्लासमध्ये वापरतात तो अबॅकस जपानी सोरोबानच्या घडणीचा असतो. प्रत्येक तारेवर आडव्या पट्टीच्या वर एक मणी, त्याची किंमत पाच. पट्टीखाली चार मणी, प्रत्येकाची किंमत एक. एकेक तार म्हणजे एकक, दशक, शतक. सात मांडायचे तर वरचा मणी खाली आणि खालचे दोन वर. समजा तीन मांडलेले आहेत आणि त्यात चार मिळवायचे आहेत. खाली एकच मणी शिल्लक, मग वरचा पाचाचा मणी ओढायचा आणि खालचा एक कमी करायचा. क्लासमधली मुलं याला 'स्मॉल फ्रेंड' म्हणतात. दहाच्या पुढे गेलं की 'बिग फ्रेंड': सात मिळवायला जागा नसेल तर डावीकडच्या तारेवर दहाचा एक मणी द्यायचा आणि इथून तीन काढायचे. हे सगळं बोटांत भिनलं की शिक्षिका अबॅकस बाजूला ठेवायला सांगतात. तबला शिकणारं मूल मांडीवर ठेका धरतं तसं हे मूल बाकावर किंवा हवेत बोटं हलवत राहतं. पुढे बऱ्याच जणांची बोटंही थांबतात आणि डोळ्यांपुढचं चित्र तेवढं उरतं.

हे चित्र खरोखर असतं, याचा मला सगळ्यात आवडलेला पुरावा मुलांच्या चुकांमधून आलेला आहे. जेम्स स्टिग्लर या मानसशास्त्रज्ञाने तैवानमधल्या मुलांचा अभ्यास करून १९८४ साली एक निबंध लिहिला. मनातल्या मनात अबॅकस चालवणाऱ्या मुलांची उत्तरं चुकली की पुष्कळदा एखाद्या स्थानावर बरोबर पाचने चुकलेली असायची. कागदावर हातचा घेऊन बेरीज करणारा माणूस सहसा अशी चूक करत नाही. वरचा एक मणी नजरेतून निसटला की उत्तर पाचने हुकतं, तशी ती चूक आहे.

मग मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी गुजरातमधल्या अबॅकस शिकलेल्या मुलांबरोबर काम केलं. त्यांचा निबंध २०१२ चा. गणित सोडवत असताना तोंडाने दुसरंच काहीतरी बोलत राहायला सांगितलं, तर तुमचा माझा हिशोब कोलमडतो, कारण आपण मनात आकडे 'म्हणत' असतो. या मुलांचं तितकं बिघडलं नाही. त्यांचा हिशोब भाषेच्या वाटेने न जाता नजरेच्या वाटेने चालला होता. आणि त्या नजरेला मर्यादाही तीच, जी कुणाच्याही नजरेला असते: एका वेळी तीन-चार तारांचं चित्र स्वच्छ धरता येतं, त्यापुढे अडखळायला होतं.

आता स्मरणशक्तीचा मुद्दा. जपानमध्ये गियू हातानो आणि ओसावा यांनी १९८३ मध्ये अबॅकसच्या अव्वल तज्ज्ञांना आकड्यांची यादी ऐकवून ती परत म्हणायला लावली. सामान्य माणूस सात-आठ आकडे धरून ठेवतो, या तज्ज्ञांनी पंधरा-सोळा धरले. ही बातमी इतकीच ऐकली तर कुणीही मुलाचं नाव लगेच नोंदवेल. पण त्याच लोकांना आकड्यांऐवजी अक्षरं आणि फळांची नावं दिली, तेव्हा ते चारचौघांसारखेच निघाले. आकडा मनातल्या तारेवर मांडता येतो, पेरू मांडता येत नाही.

अमेरिकेत अँडर्स एरिकसन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये याच्याशी जुळणारं काहीतरी दाखवलं होतं. एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने दीड-पावणेदोन वर्षांच्या सरावाने आकडे लक्षात ठेवण्याची क्षमता सातवरून ७९ वर नेली. तो धावपटू होता, आकड्यांना शर्यतींच्या वेळांचा अर्थ लावायचा. अक्षरांची परीक्षा घेतली तर गडी पुन्हा सहावर.

आणि सगळ्यात वजनदार अभ्यास आपल्या शेजारचा, बडोद्याचा. बार्नर आणि सहकाऱ्यांनी गरीब घरांतल्या मुलांसाठी चालणाऱ्या एका शाळेत २०४ मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. निबंध आला २०१६ मध्ये. कोणाला अबॅकस आणि कोणाला नेहमीच्या पद्धतीचं जादा गणित, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. पालकांची हौस, घरची परिस्थिती, मुलाची मूळची आवड यांचा त्यात शिरकाव नाही. दोन्ही गटांना आठवड्याला तीन तास सारखेच मिळाले. तीन वर्षांनी अबॅकसवाली मुलं अंकगणितात पुढे होती. पण वर्किंग मेमरी (काम करता करता माहिती डोक्यात धरून ठेवणं), आकृत्यांची बुद्धिमत्ता चाचणी, मनातल्या मनात आकृती फिरवून पाहणं, यात दोन्ही गटांत फरक नव्हता. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: ज्या मुलांची 'कोणती वस्तू कुठे होती' हे लक्षात ठेवण्याची क्षमता सुरुवातीलाच मध्यमपेक्षा थोडी बरी होती, त्यांना अबॅकसचा फायदा जास्त झाला. म्हणजे अबॅकसने ती क्षमता घडवली नाही, आधीच असलेल्या क्षमतेचा उपयोग करून घेतला.

मेंदूच्या स्कॅनबद्दल प्रतिसादांत बोलूच. तुमचे अनुभव लिहा.

---

अडीचकी

धागा फार आवडला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या लहानपणी संध्याकाळी दिवा लागला की शुभंकरोतीनंतर परवचा असायचा. तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. काही घरांत औटकीही, म्हणजे साडेतीनची.

आजच्या मुलांना वाटतं हे उगाच घोकलेलं. पण रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे, मापं पावशेर-अच्छेर अशी. १९५७ साली दशमान नाणी आली तोवर बाजारात उभं राहायचं तर पाव, अर्धा, पाऊण यांच्या पटी तोंडावर हव्यातच. अठरा पावकी साडेचार म्हणताना वाण्याच्या पोराला अपूर्णांक येत होते, फक्त ते अपूर्णांक आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा प्रश्न असा: हे पाढ्यांचं पाठांतर आणि अबॅकस, मेंदूच्या दृष्टीने एकच का?

---

कृष्णाकाठ

अडीचकी काका, फार नेमका प्रश्न. एकच नाही. पाढे भाषेच्या आणि आठवणीच्या वाटेने येतात, लयीवर, नादावर. 'सात आठे छप्पन्न' हे आपल्याला ऐकू येतं.

स्टॅनफर्डच्या विनोद मेनन यांच्या गटाने यावर चांगलं काम केलंय. सात ते नऊ वर्षांच्या मुलांचे साधारण सव्वा वर्षाच्या अंतराने दोनदा फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणारे स्कॅन) काढले, हा २०१४ चा निबंध. लहान असताना मुलं बोटं मोजून बेरीज करतात. पुढे उत्तर थेट आठवायला लागतं. या बदलाच्या काळात हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूतला भाग, जास्त कामाला लागतो. मोठ्या माणसांत त्याच बेरजांसाठी तो फारसा लागत नाही, कारण तोवर ते ज्ञान मेंदूच्या बाह्य थरात स्थिरावलेलं असतं. परवचा करणारं मूल नेमकं हेच करत होतं.

आणि याचा उपयोग मोठा आहे. सात आठे छप्पन्न आपसूक आठवलं तर भागाकाराची पुढची पायरी कोणती, याकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं राहतं. पाचवीतलं मूल लांबलचक भागाकारात अडतं तेव्हा बहुधा त्याला रीत माहीत असते, पण प्रत्येक पायरीला पाढा शोधताना ते रीत विसरतं.

---

अडीचकी

शंभर टक्के सहमत. वर्गात हे रोज पाहिलंय.

---

पाचवा_मणी

मी नाशिकला अबॅकस शिकवते, म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने. माझ्याकडे येणारी मुलं सुरुवातीला दहा मिनिटं जागेवर बसत नाहीत. वर्षभराने तीच मुलं आठ मिनिटांत दोनशे गणितं सोडवायच्या स्पर्धेला मान वर न करता बसतात. मी आकडे वाचत जाते तेव्हा वर्गात चिटपाखरू हलत नाही. ही एकाग्रता मी डोळ्यांनी पाहते, आणि पालकही येऊन सांगतात की घरी अभ्यासाला बसायला लागला. हे सगळं मानायचं नाही का?

---

कृष्णाकाठ

मानायचंच. तुम्ही पाहता ते खरं आहे, आणि शिक्षक म्हणून ते तुमचं श्रेय आहे. प्रश्न फक्त कारणाचा. सहा वर्षांचं मूल सात वर्षांचं झालं की त्याची बैठक तशीही वाढते. या वयात कपाळामागच्या भागाची जोरात वाढ चालू असते, आणि स्वतःला आवरणं, लक्ष टिकवणं हे त्याच भागाचं काम. शिवाय ज्यांना जमत नाही ती मुलं दोन-तीन लेव्हलनंतर क्लास सोडतात. वरच्या लेव्हलला पोचलेली मुलं पाहून आपण म्हणतो, अबॅकसने एकाग्र केलं. मुळात एकाग्र होऊ शकणारीच टिकली असंही असू शकतं. म्हणून तर बडोद्यासारखा अभ्यास लागतो, जिथे दुसरा गटही तितकाच वेळ शिकत होता आणि तितकाच मोठा होत होता.

चीनमध्ये शाळेतच अबॅकस शिकवून केलेले काही अभ्यास आहेत. त्यांत एका कामावरून दुसऱ्यावर पटकन वळण्याची क्षमता थोडी सुधारलेली दिसली. म्हणजे दार अगदी बंद झालेलं नाही. पण गणिताचा परिणाम जितका ठळक आणि पुन्हा पुन्हा दिसतो, तितका तो नाही.

---

भागाकार

पण ताई, चीनमधल्याच संशोधकांनी अबॅकस शिकणाऱ्या मुलांच्या मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे जोडणाऱ्या तारांचे जुडगे, जास्त सुसंघटित असल्याचं दाखवलंय ना? मी २०११ चा एक निबंध वाचला होता. मेंदूत बदल झाला तर तो मेंदूचाच विकास की. त्याला आणखी काय म्हणायचं?

---

कृष्णाकाठ

इथेच पत्रकं आणि पालक यांची सगळ्यात मोठी गफलत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

काहीही शिकलं की मेंदू बदलतो. पोहायला शिकलात, मोडी वाचायला शिकलात, पोळी गोल लाटायला शिकलात, तरी बदलतो. बदल झाला नाही तर शिकलेलं राहणार कुठे? त्यामुळे 'स्कॅनमध्ये बदल दिसला' याचा अर्थ 'मूल ते कौशल्य शिकलं' इतकाच निघतो. ते कौशल्य दुसऱ्या कामाला उपयोगी पडतं का, हे स्कॅन सांगत नाही. त्यासाठी दुसरं काम देऊन पाहावं लागतं.

लंडनच्या टॅक्सीचालकांचं उदाहरण घ्या. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असतो. मग शंका आलीच: असा मेंदू असणारेच या धंद्यात येत असतील तर? म्हणून २०११ मध्ये त्यांनी आणि कॅथरिन वुलेट यांनी उमेदवारांना शिकण्याआधी आणि नंतर तपासलं. लंडनचे हजारो रस्ते पाठ करून परीक्षा पास झालेल्यांतच वाढ दिसली. म्हणजे बदल खरा, शिकण्यामुळे झालेला. पण हेच चालक नवीन आकृती लक्षात ठेवण्याच्या चाचणीत इतरांपेक्षा थोडे मागे पडले. रस्त्यांची स्मृती वाढली म्हणून सगळी स्मृती वाढली नाही.

तुम्ही वाचलेल्या निबंधात शिकणारी आणि न शिकणारी मुलं एकाच वेळी शेजारी ठेवून पाहिली आहेत. तसं पाहिलं की आधीपासूनचा फरक कुठला आणि सरावाचा कुठला, ते वेगळं करता येत नाही.

आणि हा प्रश्न नवा नाही. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये हेच तपासलं होतं. तेव्हा समज असा की लॅटिन आणि भूमिती शिकवली की एकूण बुद्धीला धार येते. त्यांना दिसलं की एका कामाचा सराव दुसऱ्या कामात उतरतो तो दोन्हींत जेवढं समान आहे तेवढाच.

---

निळीशाई

पेशाने डॉक्टर. 'उजवा मेंदू' हा शब्द वाचून लिहायला आले.

उजव्या मेंदूची सर्जनशील मुलं आणि डाव्या मेंदूची हिशोबी मुलं असा प्रकार नसतो. युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये सात ते एकोणतीस वयाच्या १,०११ लोकांचे स्कॅन तपासले. एखादा माणूस एकूणच एका बाजूचा आहे असं त्यात दिसलं नाही. काही कामं एका बाजूला जास्त चालतात हे खरं, उदाहरणार्थ भाषा बहुतेकांत डावीकडे.

अबॅकसबाबत मात्र एक फार बोलकी केस आहे. जपानमध्ये एका अबॅकस निपुण बाईंना पक्षाघाताचा झटका आला, इजा मेंदूच्या उजव्या बाजूला. त्यांनी सांगितलं की मनातला अबॅकस दिसेनासा झालाय. संशोधकांनी सहा महिन्यांनी स्कॅन केला तेव्हा हिशोब करताना डावीकडचे भाषेचे भाग उजळत होते, म्हणजे त्या तुमच्या-आमच्यासारखे आकडे मनात म्हणून गणित करत होत्या. तेरा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तोवर मनातला अबॅकस परत आला होता, आणि आता जागा आणि आकार हाताळणारे वरच्या बाजूचे भाग पुन्हा कामाला लागले होते. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालंय.

एकाच माणसाच्या मेंदूत हिशोबाच्या दोन वाटा, एक बंद झाली तर दुसरी, आणि मग पहिली पुन्हा उघडलेली. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट ही आहे, आणि ती एकाही पत्रकावर नसते. त्याआधी २००३ मध्ये हानाकावा यांच्या गटाने निरोगी तज्ज्ञांमध्येही मनातला अबॅकस चालवताना जागा आणि आकार हाताळणारे भाग कामाला लागतात हे दाखवलं होतं. फक्त उजवी बाजू नव्हे, दोन्ही बाजूंचे भाग, बोटांच्या हालचाली आखणारे सुद्धा.

एक विनंतीही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग अबॅकसच्याच शेजारी भरतात. मध्य मेंदू जन्मापासून चालूच असतो, तो नसेल तर बुबुळंसुद्धा नीट हलणार नाहीत. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, आणि मोठ्यांना खूश ठेवायला ते लपवायला शिकतात. कृपा करून मुलांना तिथे घालू नका.

---

पाचवा_मणी

निळीशाई ताई, त्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पूर्ण पाठिंबा. अशा वर्गांमुळे आमच्यासारख्या प्रामाणिकपणे शिकवणाऱ्यांकडेही लोक संशयाने बघतात.

बोटांच्या हालचालींबद्दल विचारायचं होतं. काही पालक मुलाला दटावतात, 'बोटं नको हलवू, मनात कर'. मी नाही म्हणते, पण कारण सांगता येत नाही.

---

कृष्णाकाठ

तुमचं बरोबर आहे. २०१८ मध्ये ब्रुक्स, बार्नर, फ्रँक आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी नेमकं हेच पाहिलं. मुलांना स्वतःचे हात दिसेनासे केले तर फारसा फरक पडला नाही. पण हातांना दुसरं काम देऊन गुंतवलं की उत्तरं घसरली. म्हणजे बोटं नुसती दिसायला हलत नाहीत, हिशोबातला काही भाग हालचाल आखण्यातच होत असतो. पालकांना सांगा, बोटं हलू द्या.

---

तोक्योकर

बरीच वर्षं जपानमध्ये आहे. इथे सरकारी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीत सोरोबान शिकवतात, पण थोडेच तास, ओळख होण्यापुरतं. खरी तयारी शाळेबाहेरच्या सोरोबान वर्गांत. तिथे क्यू आणि मग दान अशा पायऱ्यांच्या परीक्षा असतात, ज्युडोसारख्या. वर्ग सुरू होताना शिक्षक विशिष्ट सुरात 'गोहासान दे नेगाइमाशिते वा' म्हणतात, म्हणजे मणी पुसून शून्य करा, आणि मग आकडे वाचायला लागतात. पडद्यावर क्षणभर चमकणाऱ्या संख्यांची बेरीज, फ्लॅश आन्झान, टीव्हीवरही दाखवतात. पंधरा तीन-अंकी संख्या दोन सेकंदांच्या आत येऊन जातात आणि मूल उत्तर सांगतं.

माझी मुलगी जाते. तिला ते खेळासारखं आवडतं, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं. तिचं मराठी वाचन किंवा विज्ञान यावर काही परिणाम झालाय असं मला दिसलेलं नाही.

---

भागाकार

ताईंचा मुद्दा पटला. त्याला जोडून एक, २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये आलेलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं पाहिली. ही मुलं आठशे ग्रॅम बटाटे, चौदाशे ग्रॅम कांदे असे हिशोब कागदाशिवाय अचूक करतात. तीच मुलं शाळेच्या पद्धतीने लिहिलेल्या साध्या भागाकारावर अडली. आणि उलट, शाळेत हुशार असलेल्या मुलांना बाजारातला हिशोब मांडता येईना. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांबाबत १९८५ मध्ये असंच दिसलं होतं: गाडीवर ९८ टक्के उत्तरं बरोबर, तीच आकडेमोड कागदावर दिली की ३७ टक्के.

एक कौशल्य शेजारच्या कौशल्यातही आपोआप उतरत नाही, तर ते थेट बुद्धीत कसं उतरेल?

---

कृष्णाकाठ

भागाकार, हे उदाहरण इथे चपखल बसतं. आणि यातून शिक्षकांसाठी काम निघतं: आपोआप उतरत नाही, पण कुणी मुद्दाम पूल बांधून दिला तर उतरतं. अबॅकसवर शेजारच्या तारेवर दहा देणं आणि वहीत हातचा घेणं एकच आहे, हे मुलाला एकदा तरी दोन्ही शेजारी ठेवून दाखवायला हवं. बहुतेक ठिकाणी क्लास वेगळा, शाळा वेगळी, आणि मुलाच्या डोक्यात दोन गणितं वेगवेगळी नांदतात.

---

समजूत

विशेष शिक्षिका आहे, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करते. एक बाजू राहिली म्हणून लिहिते.

शंभरातल्या साधारण तीन ते सहा मुलांना डिसकॅल्क्युलिया असतो. या मुलांना आठ हे पाचापेक्षा किती मोठे हेच आतून जाणवत नाही. दुसरी-तिसरीतही साध्या बेरजेला बोटं लागतात, घड्याळ कळत नाही, सुट्टे पैसे गोंधळात टाकतात. घरचे म्हणतात सराव कमी पडतो, अबॅकसला घाला. मग ते मूल वेळ लावून घेतलेल्या स्पर्धेत बसतं, शेवटचं येतं, आणि गणिताचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायला लागतं. ही भीती डोक्यातली तीच जागा अडवते जी हिशोबाला हवी असते, म्हणून येत असलेलंही येईनासं होतं.

मेनन यांच्याच गटाचं २०१५ चं काम माझ्या रोजच्या कामाशी जुळतं. तिसरीतल्या मुलांना आठ आठवडे एकास एक शिकवणी दिली. गणिताची भीती वाटणाऱ्या मुलांची भीती कमी झाली, आणि भीतीशी संबंधित अमिग्डाला या भागाची धावपळही कमी झाली. त्याच वर्षी डिसकॅल्क्युलिया असलेल्या मुलांवरही तशीच शिकवणी वापरून पाहिली, आणि त्यांच्या मेंदूतली कामाची पद्धत इतर मुलांच्या जवळ आली.

मणी हातात घेऊन मोजणं या मुलांनाही उपयोगी पडतं, मी स्वतः वापरते. घड्याळ लावणं मात्र टाळते. आणि शंका आली तर तपासणी करून घ्या. महाराष्ट्रात प्रमाणपत्र असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळतात, पण ती धावपळ दहावीत नको, आधीच करा.

---

अडीचकी

समजूत ताई, तुमच्यासारख्या शिक्षिका आमच्या तालुक्याला असत्या तर किती मुलांची शाळा सुटली नसती. मनापासून धन्यवाद.

---

चाफेकळी

सगळा धागा वाचला. माझा मुलगा पहिलीत आहे. क्लासवाल्या म्हणतात पाच वर्षांनंतर मेंदू 'बंद' होतो, आत्ताच घाला. भीतीच वाटली ऐकून. घालू का? आणि शकुंतला देवींसारखी माणसं तर लहानपणापासूनच तशी होती ना?

---

निळीशाई

बंद वगैरे काही होत नाही. पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या जवळपास पोचतं, त्यावरून हे वाक्य निघालंय. जोडण्या पक्क्या होणं आणि नको त्या गळणं विशीपर्यंत चालू असतं. वर लिहिलेले टॅक्सीचालक तर मोठी माणसं होती.

शकुंतला देवींनी १९८० मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजात तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला. पुढे मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी त्यांची तपासणी केली, १९९० मध्ये त्यावर लिहिलं. साध्या प्रतिक्रियेच्या वेगात त्या फार वेगळ्या निघाल्या नाहीत. संख्यांशी त्यांची जन्मभराची सलगी होती, संख्या त्यांना आपल्याला शब्द दिसावेत तशा दिसत.

---

पाचवा_मणी

चाफेकळी, मी क्लास चालवत असूनही सांगते, घाई नको. मुलाला वीसपर्यंतच्या वस्तू नीट मोजता येतात का, 'सातपेक्षा तीन जास्त' हे मणी किंवा चिंचोके मांडून दाखवता येतं का, ते आधी बघा. ते येत असेल आणि त्याला रस असेल तर साडेसहा-सात हे चांगलं वय. पैसे भरण्याआधी एक तास वर्गात मागे बसू द्या अशी विनंती करा. चुकलेल्या मुलाशी शिक्षिका कशी बोलते ते बघा. वर्षाची फी एकदम भरू नका. रोज घरी दहा-पंधरा मिनिटं सराव होणार नसेल तर आठवड्याच्या दोन तासांनी फार काही हाती लागत नाही.

---

कृष्णाकाठ

पाचवा_मणी यांचं प्रत्येक वाक्य पटलं. मी एवढंच जोडेन: क्लास लावला तर महिन्या-दोन महिन्यांनी मुलाला विचारा, '२७ आणि ८ कसे मिळवलेस?' ते मणी कसे सरकवले हे सांगेलच. मग म्हणा, 'आता वहीत कर आणि दोन्हींत दहा कुठे गेले ते दाखव.' आणि क्लास नाही लावला तरी काही बिघडत नाही. काका, घरी करण्यासारखं तुम्ही काही सुचवाल का?

---

अडीचकी

सुचवतो की. पहिलीला: बाजारात वीस रुपयांची नोट द्या, तेरा रुपयांची कोथिंबीर घ्यायला सांगा, परत किती येतील ते त्याने आधी सांगायचं, मग भाजीवालीकडून घ्यायचे.

तिसरीला: एसटी सव्वानऊला सुटली, पावणेबाराला पोचली, प्रवास किती वेळ? कागद नाही.

पाचवीला: साडेसात रुपयांचं एक पेन, सव्वादोनशे रुपयांत किती? उत्तर तीस येतं, पण उत्तरापेक्षा कसं काढलं ते ऐका. एक पोरगं दोन पेनांचे पंधरा करून पंधराचा पाढा म्हणेल, दुसरं साडेसातचे दहा म्हणजे पंचाहत्तर पकडून तीनदा उडी मारेल. घरात दोन मुलं असतील तर एकमेकांना आपली रीत सांगायला लावा, आणि त्यात वेळ लागला तर लागू द्या.